पिवळी केबल, टेलिफोनची तार आणि सर्वांना पुरून उरलेलं इथरनेट

आपण सॉफ्टवेअरवाले लोक भाषा, फ्रेमवर्क, डेटाबेस यांच्यावरून तासन्तास भांडू शकतो. पण ज्या तारेवरून हे सगळं धावतं तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. केबल खोचली, खट् असा आवाज आला, दोन हिरवे दिवे लुकलुकले की आपलं काम संपलं. त्या भोकाला काय म्हणतात? इथरनेट पोर्ट. हे नाव १९७३ सालचं आहे. आणि गंमत अशी की १९७३ च्या इथरनेटमधली तार, जोडणी, वेग, पत्ते, एवढंच काय पण ज्या युक्तीमुळे ते प्रसिद्ध झालं ती युक्तीसुद्धा आज वापरात नाही. सगळे अवयव बदलले, तरी माणूस तोच!

मग टिकलं काय? आणि त्याच्यापेक्षा हुशार, त्याच्यापेक्षा श्रीमंत बापाचे प्रतिस्पर्धी का गेले? या वीकेंडला हीच गोष्ट सांगतो. केबल आणि डबे निवडायची वेळ आपल्यावरही कधीतरी येतेच, त्यामुळे ती नुसती जुनी गोष्ट नाही.

सुरुवात हवाई बेटांपासून. हवाई विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर पसरलेल्या आणि कॉम्प्युटर ओआहू बेटावर. मध्ये समुद्र. नॉर्मन एब्रॅमसन या प्राध्यापकाने १९७१ मध्ये रेडिओवर चालणारं 'अलोहानेट' उभं केलं. कल्पना एकदम बिनधास्त होती. प्रत्येकाने वाटेल तेव्हा बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जाईल, पोच येणार नाही, मग थोडं थांबून पुन्हा बोलायचं. कोण कधी बोलणार हे ठरवणारा मॉनिटर कोणीच नाही. अर्थात याची किंमत होती. गणित मांडलं तर अशा वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वापर होऊ शकतो, बाकी सगळी धक्काबुक्की.

हे गणित रॉबर्ट मेटकाफ नावाच्या तरुणाने आपल्या पीएचडीसाठी अभ्यासलं होतं. तो तेव्हा कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात काम करत होता. तिथे आल्टो नावाचे कॉम्प्युटर बनत होते, प्रत्येकाच्या टेबलावर एक, आणि सगळ्यांसाठी मिळून एक नवाकोरा लेझर प्रिंटर. हे सगळं जोडायचं कसं? २२ मे १९७३ रोजी मेटकाफने एक टिपण लिहिलं आणि त्यात 'इथर' हा शब्द वापरला. प्रकाशाच्या लाटा वाहून नेणारं एक सर्वव्यापी माध्यम असतं असं एकोणिसाव्या शतकात मानत, तेच हे इथर. १८८७ च्या मायकेल्सन-मोर्ली प्रयोगापासून त्या कल्पनेला उतरती कळा लागली होती, त्यामुळे नाव रिकामंच पडलं होतं म्हणा ना :)

मेटकाफ आणि त्याचा सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी अलोहात दोन सुधारणा केल्या. बोलण्याआधी ऐकायचं, म्हणजे कोणी बोलत असेल तर गप्प बसायचं. आणि बोलताना टक्कर झालेली कळली तर लगेच थांबून काही वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. तो 'काही वेळ' फाशांच्या दानासारखा ठरवायचा, आणि पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मर्यादा दुप्पट. अध्यक्ष नसलेली पण सभ्य माणसांची सोसायटीची सभा डोळ्यासमोर आणा. (सभ्य हा शब्द महत्त्वाचा. आमच्या सोसायटीत हे चालणार नाही.)

मला या दोघांचं खरं कौतुक वाटतं ते हार्डवेअर निवडण्याबद्दल. पहिल्या इथरनेटचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. असा विचित्र आकडा का? कारण आल्टोमध्ये १७० नॅनोसेकंदांची एक टिकटिक आधीपासून होती. दोन टिकटिकींना एक बिट असा हिशोब केला की वेगळं घड्याळ लागत नाही. केबल कोणती? कोएक्सियल, आणि तिला जोडायचे टॅप केबल टीव्हीवाल्यांचे, बाजारात तयार मिळणारे. म्हणजे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रयोगशाळेत बसून या माणसांनी गल्लीतल्या केबलवाल्याचं सामान उचललं. हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९७९ मध्ये मेटकाफ झेरॉक्समधून बाहेर पडला आणि त्याने थ्रीकॉम ही कंपनी काढली. नावातले तीन 'कॉम' म्हणजे कॉम्प्युटर, कम्युनिकेशन आणि कम्पॅटिबिलिटी. तिसरा शब्द मला सगळ्यात मोठा वाटतो. त्याने डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांना एकत्र आणलं आणि १९८० मध्ये त्यांनी १० मेगाबिट इथरनेटचा आराखडा छापून सगळ्यांसाठी खुला केला. पेटंट झेरॉक्सकडे होतं, पण परवान्याची फी एकरकमी फक्त १००० डॉलर. द्या आणि बनवा. १९८३ मध्ये ते आयईईईचं ८०२.३ नावाचं मानक झालं.

आता त्या काळी हे नेटवर्क जोडायचं म्हणजे काय दिव्य होतं ते बघा. जवळपास करंगळीएवढी जाड, बहुतेकदा पिवळी केबल. एक सलग तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटरचा. केबलवर दर अडीच मीटरला खूण केलेली, कारण जोड फक्त तिथेच द्यायचा, भलतीकडे दिला तर परत उसळणारे सिग्नल एकमेकांत मिसळून गोंधळ करतात. जोड द्यायच्या उपकरणाचं नाव 'व्हॅम्पायर टॅप'. केबल न कापता तिला भोक पाडायचं आणि एक सुळा आतल्या तांब्यापर्यंत घुसवायचा. भोक चुकलं आणि बाहेरची जाळी आतल्या तारेला टेकली की सगळ्या मजल्याचं नेटवर्क आडवं. दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर.

पुढे पातळ केबल आली, बीएनसी आणि टी-कनेक्टरवाली, १८५ मीटरपर्यंत जाणारी. तिला लाडाने 'चीपरनेट' म्हणत. नव्वदीच्या दशकात कॉलेजच्या लॅबमध्ये बसलेल्यांना ती आठवत असेल. कोणाच्या तरी पायाने एक 'टी' सैल झाला की अख्खी रांग बंद, आणि मग सगळे टेबलाखाली. नेमका कुठला जोड सैल आहे हे शोधण्यात प्रॅक्टिकल संपायचं.

अशा या बेभरवशाच्या प्रकाराविरुद्ध उभी राहिली आयबीएम. १९८५ मध्ये त्यांनी टोकन रिंग बाजारात आणलं. इथे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की कागदावर टोकन रिंग जास्त चांगलं होतं. सभेत एकच माईक फिरतो आहे आणि ज्याच्या हातात माईक तोच बोलेल, असा तो मामला. टक्कर नाहीच. आपली पाळी जास्तीत जास्त किती वेळात येईल हे आधी सांगता येतं. गर्दी वाढली तरी शिस्त मोडत नाही. जोडणीसुद्धा शहाणी, प्रत्येक मशीनची केबल एका मधल्या डब्याकडे जाते, त्यामुळे एक मशीन बंद पडलं तर डबा त्याला वगळून पुढे जातो. १९८९ मध्ये वेग ४ वरून १६ मेगाबिट झाला, म्हणजे इथरनेटपेक्षा जास्त. आणि पाठीशी आयबीएम! एखाद्या बँकेच्या आयटी मॅनेजरने १९८६ मध्ये काय निवडलं असतं? तुम्ही-आम्ही तिथे असतो तर काय निवडलं असतं? मी तरी शंभर टक्के टोकन रिंग.

शिवाय इथरनेटबद्दल अफवाही जोरात होत्या. थोडा लोड वाढला की टकरींमध्येच सगळं कोसळतं असं लोक छातीठोकपणे सांगत. त्यातले बरेच आकडे अलोहाच्या गणितातून उचललेले, 'आधी ऐकायचं' ही सुधारणा सोयीस्करपणे विसरून. शेवटी १९८८ मध्ये बॉग्ज, मोगल आणि केंट यांनी खऱ्याखुऱ्या केबलवर मोजमाप करून एक पेपर लिहिला आणि दाखवलं की नीट बांधलेलं इथरनेट भरपूर लोड घेतं. पण मोजमापांनी बाजार जिंकता येत नाही, हे आपल्याला रोजच्या मीटिंगांमधून माहीत आहेच.

बाजार जिंकला भिंतीतल्या तारेने.

टोकन रिंगसाठी आयबीएमने १९८४ मध्येच स्वतःची खास केबल जाहीर केली होती. आतल्या जोड्यांवर आवरण असलेली, दणकट आणि जाडजूड. ती घ्यायची म्हणजे इमारत नव्याने वायर करायची. पण अमेरिकेतल्या प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक टेबलापर्यंत एक तार आधीच पोचलेली होती, टेलिफोनची. दोन तारा एकमेकींना पीळ घालून केलेली जोडी. हा पीळ उगाच नसतो. बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, आणि घेणारा फक्त दोघींमधला फरक वाचतो, त्यामुळे गोंगाट वजा होऊन जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये पेटंट केलेली. म्हणजे टेलिफोनवाल्यांनी शंभर वर्षं आपल्यासाठी केबल टाकून ठेवली होती म्हणायची.

झेरॉक्स पार्कमधूनच बाहेर पडलेल्या रोनाल्ड श्मिट आणि अँड्र्यू लडविक यांनी १९८५ मध्ये सिनऑप्टिक्स ही कंपनी काढली. १९८७ पर्यंत त्यांनी साध्या पीळदार जोडीवरून १० मेगाबिट पळवून दाखवले. १९९० मध्ये त्याचं मानक झालं, टेन-बेस-टी. जाड पिवळी केबल गेली. प्रत्येक मशीनपासून १०० मीटरपर्यंतची एक तार मधल्या डब्याकडे, म्हणजे हबकडे. थोडक्यात टोकन रिंगच्या वायरिंगमधला शहाणपणा इथरनेटकडे आला, तोही स्वस्त तारेवर. एक तार तुटली तर एकच माणूस ओरडणार, सगळा मजला नाही.

आणि सॉफ्टवेअरमध्ये काय बदल झाला? काहीच नाही! तारेवरून जाणारी फ्रेम तीच. कोणाकडून, कोणाला, आत काय, शेवटी तपासणीचा आकडा. कार्डाच्या वर बसलेल्या कोणालाही खाली तार बदलल्याचं कळलंसुद्धा नाही. आज आपण ज्याला 'इंटरफेस तोच ठेवून इम्प्लिमेंटेशन बदललं' म्हणतो ते या लोकांनी तांब्यात करून दाखवलं.

ज्यांनी कधी आरजे-४५ क्रिंप केलं आहे त्यांच्यासाठी एक जिलेबी. रंगांचा क्रम आठवा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. हिरवी जोडी मध्येच का फाडली? तिच्या दोन तारांमध्ये निळी जोडी का घुसवली? प्रत्येक नवशिक्या इथे वैतागतो. कारण टेलिफोन. फोनच्या प्लगमध्ये पहिली लाइन अगदी मधल्या दोन पिनांवर असते. त्यामुळे ४ आणि ५ या पिना निळ्या जोडीला, फोनसाठी सोडल्या, आणि इथरनेटने १, २, ३ आणि ६ वर संसार मांडला. भाडेकरूने घरमालकाची खोली मोकळी ठेवून आजूबाजूला सामान लावावं तसं. फोन गेला, पण तो क्रम अजून तसाच आहे.

पण हब म्हणजे अजूनही सभाच, सगळ्यांना सगळं ऐकू येणारी. पुढचं पाऊल १९९० मध्ये पडलं, आणि टाकणाऱ्या कंपनीचं नाव वाचून आपल्याला बरं वाटेल: कल्पना! भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांची ही कॅलिफोर्नियातली कंपनी. त्यांच्या 'इथरस्विच'ला सात पोर्ट होते. आलेली फ्रेम सगळ्यांना न ओरडता, पत्ता वाचून फक्त हव्या त्या पोर्टवर सोडायची. एकाच वेळी तीन जोड्या आपापसात बोलू शकतात. ज्यांची कार्डं होती तीच राहिली, तार तीच राहिली, फक्त मधला हब काढून स्विच बसवला. १९९४ मध्ये सिस्कोने 'कल्पना' विकत घेतली.

स्विच आला आणि प्रत्येक तारेवर दोनच माणसं उरली. दोघांनाही जायची-यायची वेगळी वाट मिळाली की टक्कर होण्याचं कारणच संपतं. याला फुल डुप्लेक्स म्हणतात. म्हणजे ज्या टकरींच्या नियमामुळे इथरनेट ओळखलं जायचं तो नियमच गेला. २००२ च्या १० गिगाबिट मानकात तर तो ठेवलाच नाही.

गेला म्हणजे भूत मात्र राहिलं. अनेक वर्षांपूर्वी, सगळीकडे १०० मेगाबिट असतानाच्या काळात, मी ज्या ऑफिसात होतो तिथे एक नवा सर्व्हर आला. पिंग उत्तम, लॉगिन झटपट, पण मोठी फाइल कॉपी केली की बैलगाडी. आम्ही दोन दिवस डेटाबेसला शिव्या घातल्या. शेवटी नेटवर्क बघणाऱ्या सहकाऱ्याने एक नजर टाकून विचारलं, "अरे, व्हेंडरने कार्ड फुल डुप्लेक्सवर फिक्स करून दिलंय का?" दिलं होतं. झालं असं की एका बाजूने वाटाघाटी बंद केल्या की दुसऱ्या बाजूच्या स्विचला वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही. मग नियमाप्रमाणे तो जुना, सावध पर्याय धरतो: हाफ डुप्लेक्स. एक जण बिनधास्त बोलतोय, दुसरा 'आधी ऐकतोय' आणि टक्कर झाली म्हणून मागे सरतोय. हवाईची ती १९७१ ची बेटं आमच्या सर्व्हर रूममध्ये अवतरली होती! कार्ड 'ऑटो'वर टाकलं, पाच सेकंदांत प्रश्न संपला. तांब्यावरच्या गिगाबिटमध्ये वाटाघाटी सक्तीच्या केल्या आहेत, त्यामुळे हा रोग आता फारसा दिसत नाही.

आणखी एक भूत अजून जिवंत आहे. इथरनेटची सगळ्यात छोटी फ्रेम ६४ बाइटची. का? तर १० मेगाबिटच्या काळात सगळ्यात लांबच्या टोकाशी झालेली टक्कर पाठवणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत त्याला कळली पाहिजे, म्हणून. टकरी गेल्या, तरी ४०० गिगाबिटच्या तारेवरही ६४ बाइटचा नियम आहेच. फ्रेमला हात लावायचा नाही, हे व्रत.

या व्रताचं फळ १९९५ ते १९९९ मध्ये मिळालं. १०० मेगाबिटसाठी तेव्हा चांगले तगडे उमेदवार होते. एफडीडीआय होतं, १०० मेगाबिटचं आणि फायबरवरचं, आधीपासून हजर. एटीएम होतं, ५३ बाइटच्या छोट्या पाकिटांचं, टेलिफोन कंपन्यांचं लाडकं. पण १९९५ मध्ये फास्ट इथरनेट आलं आणि त्याला लागत होती फक्त चांगली पीळदार केबल, कॅट-५. १९९९ मध्ये त्याच कॅट-५ च्या चारही जोड्या, प्रत्येक जोडी दोन्ही दिशांनी वापरून, १००० मेगाबिट. ज्यांनी इमारत बांधताना चार पैसे जास्त घालून बरी केबल टाकली होती त्यांनी भिंतीला हात न लावता वेग शंभरपट केला. ज्यांनी आयबीएमची महागडी केबल टाकली त्यांचं निदान तेव्हा कोणी चुकलं म्हणालं नसतं. पण ते एकाच कंपनीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. शिवाय टोकन रिंगवर ओलोफ सोडरब्लोम या स्वीडिश इंजिनिअरचं पेटंट होतं, त्याची रॉयल्टी वेगळी. इकडे एकरकमी १००० डॉलर. बनवणारे कुठे जमणार?

आपल्या मुंबई-पुण्यातही हे नाट्य वेगळ्या स्टेजवर झालं. २००० नंतर घरोघरी ब्रॉडबँड आणलं ते बऱ्याच ठिकाणी गल्लीतल्या केबलवाल्याने. या गच्चीवरून त्या गच्चीवर कॅट-५ लोंबकळत गेलेली, १०० मीटर संपत आले की जिन्यात एक लोखंडी पेटी, तिच्यात एक स्वस्त स्विच, आणि पुढची गच्ची. पावसाळ्यात वीज कडाडली की निम्मे पोर्ट जळायचे. मग तो पोऱ्या यायचा, स्विच बदलायचा आणि जायचा. कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नसायचं, मिळेल तो. पार्कमध्ये केबल टीव्हीच्या टॅपवर सुरू झालेलं इथरनेट तीस वर्षांनी केबल टीव्हीवाल्याच्याच खांद्यावरून आपल्या घरात आलं. टोकन रिंगला ही गच्ची झेपली असती?

माझ्या मते सगळ्या गोष्टीचा अर्क हाच. डब्यांची तुलना करताना आपण वेग, पोर्ट, किंमत यांचे तक्ते मांडतो. इथरनेट जिंकलं ते त्या तक्त्यांवर नाही. कोणताही एक भाग, कोणाचाही, कधीही, बाकीच्यांना न विचारता बदलता येतो, यावर जिंकलं. निवडायचा असतो तो सांधा. डबे येतील आणि जातील. आज एआयसाठी हजारो प्रोसेसर जोडताना इन्फिनिबँड की इथरनेट हा वाद पुन्हा रंगलाय. २०२३ मध्ये त्यासाठी अल्ट्रा इथरनेट नावाचा कंपन्यांचा गटही स्थापन झाला. कोण जिंकेल याची पैज मी लावणार नाही. पण कोणाचा सांधा जास्त मोकळा आहे एवढं मात्र बघत राहीन.

आणि तुम्ही सध्या फ्लॅटचं इंटिरिअर करत असाल तर फुकटचा सल्ला. राउटर कोणता घ्यायचा यावर महिनाभर डोकं खाजवू नका, तो पाच वर्षांत बदलालच. त्याऐवजी भिंतीत प्रत्येक खोलीपर्यंत एक जादा रिकामा पाइप टाकून घ्या, आत ओढायला दोरी सोडून. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात 'कॅट-६' म्हणून गळ्यात मारतात, ती वजनाला हलकी लागते आणि त्याच तारेने कॅमेऱ्याला वीज द्यायला गेलात तर तापते. क्रिंप करताना पीळ अर्ध्या इंचाहून जास्त सोडू देऊ नका, सुतार आणि इलेक्ट्रिशियन कितीही घाईत असले तरी.

भिंत एकदा बंद झाली की वीस वर्षं कोणी उघडत नाही. पुढे काय येईल ते त्याच पाइपातून येणार आहे.